पंधरा हजारांत जोडधंदा: नफ्याच्या आधी पैसा किती वेळा फिरतो ते बघा

पुण्यात कर्वेनगरच्या आमच्या घरात पलंगाखाली एक खोकं आहे. त्यात ९४३ छापील पाउच आहेत. प्रत्येकावर ‘थालीपीठ भाजणी, ५०० ग्रॅम’ असं सुबक अक्षरात लिहिलंय आणि खाली कमाल किरकोळ किंमत ६० रुपये. हजार पाउच मी साडेसहा रुपयांना एक या भावानं छापून घेतले, कारण छापखानेवाल्या दादांनी सांगितलं की हजाराच्या खाली परवडत नाही. माझं सगळं भांडवल १५ हजार रुपये होतं. पहिलं पाकीट विकण्याआधीच त्यातले साडेसहा हजार त्या खोक्यात जाऊन बसले.

तीन खेपा झाल्यावर लक्षात आलं की ६० रुपयांना भाजणी विकून मी पदरचे पैसे घालतेय. किंमत वाढवायला हवी होती. पण छापील किमतीवर स्टिकर लावून ती वाढवता येत नाही. वजनमापाच्या नियमांत फक्त कमी किमतीचा स्टिकर चालतो. म्हणून ते खोकं अजून तिथेच आहे.

मी दिवसा एका ऑफिसात हिशेब लिहिते आणि तरीही ही चूक केली. कमी पैशात धंदा सुरू करायचा म्हटलं की ‘काय विकू’ आणि ‘नफा किती सुटेल’ एवढंच आपण विचारतो. भांडवल थोडं असेल तेव्हा त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न वेगळा असतो: मी घातलेला रुपया परत माझ्या हातात किती दिवसांनी येणार?

पैसा फिरतो म्हणजे काय

समजा तुमच्याकडे १० हजार रुपये आहेत. पहिला रस्ता असा: तुम्ही माल केलात, दुकानांत ठेवलात, दोन महिन्यांनी पैसे आले आणि त्यावर २० टक्के सुटले. छान वाटतं. वर्षात ही फेरी सहा वेळा होईल, म्हणजे प्रत्येक वेळी दोन हजार धरून वर्षाचे १२ हजार.

दुसरा रस्ता असा: ऑर्डर घेतलीत, त्या आठवड्यात माल करून दिलात, पैसे हातात आले आणि सुटले फक्त ८ टक्के. एका फेरीत ८०० रुपये. ऐकायलाही कमी वाटतं. पण वर्षात अशा ५० फेऱ्या झाल्या तर ४० हजार होतात. भांडवल तेवढंच, दहा हजार. फेरीमागचा नफा निम्म्याहून कमी, आणि वर्षाची कमाई तिपटीहून जास्त.

व्यापारी माणसं याला ‘खेळतं भांडवल’ म्हणतात. शब्द फार नेमका आहे. पैसा खेळता राहिला तर धंदा चालतो, अडकला तर नफा कागदावर दिसत राहतो आणि पुढच्या खेपेची डाळ आणायला पाकिटात काही नसतं. बुडणाऱ्या छोट्या धंद्यांचा माल बऱ्याचदा चांगलाच असतो, गिऱ्हाईकही असतं. पैसा मात्र कुणाच्या तरी दुकानात, गोणीत किंवा यंत्रात अडकलेला असतो.

अर्थात दर आठवड्याला तेवढी ऑर्डर मिळायला हवी, ही अट दुसऱ्या रस्त्यावर आहेच. त्याच्याकडे नंतर येते. आधी एका पाकिटाची खरी किंमत काढू, कारण ती चुकली तर पैसा जितका वेगानं फिरेल तितक्याच वेगानं संपेल.

एका पाकिटाला किती पैसे पडतात

माझ्या वहीतला हिशेब जसाच्या तसा देते. भाव मी आणले त्या दिवसाचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील, रीत बघा.

एका खेपेला ज्वारी तीन किलो १३५ रुपये, बाजरी दोन किलो ८०, तांदूळ दोन किलो १००, हरभरा डाळ दीड किलो १२८, उडीद एक किलो १२०, गहू अर्धा किलो २०, धने-जिरे ८०. एकूण ६६३ रुपये. सगळं मिळून साधारण साडेदहा किलो. भाजताना ओलावा उडतो, थोडं पीठ गिरणीत राहतं, थोडं चाळणीत. हाती येते साडेनऊ किलो भाजणी, म्हणजे अर्ध्या किलोची १९ पाकिटं.

मी पहिल्यांदा ६६३ ला १९ नं भागलं. ३५ रुपये आले. ६० ला विकलं तर २५ सुटतात असं वाटून मी खूश झाले आणि पाउचवर किंमत छापून टाकली.

आता राहिलेलं बघा. गिरणीचे १०५, गॅसचा अंदाज ६०, पाउच ११४, लेबल ३८, गिरणीत आणि घरोघरी पोचवायला जाण्याचं पेट्रोल ६०. धान्य धरून बेरीज १,०४० होते. पाकिटामागे जवळपास ५५ रुपये रोख माझ्या पाकिटातून जात होते. मला दिसत होते ३५.

मजुरी अजून धरलेलीच नाही. निवडणं, भाजणं, गिरणी, वजन करणं, पाकिटं सील करणं, पोचवणं मिळून एका खेपेला सहा तास लागतात. तासाला ७० रुपये धरले तरी ४२० होतात, पाकिटामागे २२. म्हणजे एक पाकीट मला ७७ रुपयांना पडत होतं आणि मी ते ६० ला विकून वर ‘घरच्या घरी जरा हातभार लागतो’ म्हणत होते.

आपली मजुरी धरायची की नाही यावर आमच्या सासूबाईंशी माझं बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, घरात बसून केलेल्या कामाचे कसले पैसे? मी त्यांना विचारलं, ‘आई, उद्या मला ताप आला आणि भाजायला कुणी बाई लावली, तर ती फुकट येईल का?’ त्या गप्प बसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या की तासाला सत्तर कमीच आहेत. मजुरी पहिल्या दिवसापासून किमतीत धरा. महिनाभर ती उचलू नका हवं तर, धंद्यात राहू द्या, पण हिशेबात तिची ओळ हवीच. बायकांच्या घरगुती धंद्यांत हीच ओळ सर्वांत जास्त वेळा गाळलेली असते आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

शेवटी किंमत ११० ठरवली. गिऱ्हाइकाला थेट विकलं तर मजुरी जाऊन ३३ रुपये उरतात. दुकानात ठेवलं आणि दुकानदारानं २५ टक्के घेतले तर माझ्या हाती साडेब्याऐंशी येतात आणि उरतात साडेपाच. तीच भाजणी, तेवढीच मेहनत. म्हणून किंमत ठरवताना माल कुठून विकणार आहात हे आधी ठरवा. थेट विक्रीची किंमत ठरवून मग दुकानात गेलात तर दुकानदाराचा वाटा तुमच्या मजुरीतून जातो.

पैसा कुठे कुठे अडकतो

पहिली जागा म्हणजे स्वस्त पडतं म्हणून जास्त घेतलेला माल. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात गेलं की हात सैल सुटतो. घराजवळच्या किराणा दुकानात ४५ ला मिळणारी ज्वारी तिथे ३० किलोच्या गोणीत मला ३९ नं मिळत होती. गोणीमागे १८० रुपये वाचतात. पण मला आठवड्याला तीनच किलो लागते. गोणी संपायला दहा आठवडे, आणि तोवर १,१७० रुपयांतला मोठा भाग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा. पावसाळा असेल तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात सोंडे होतात, मग निवडण्याचे तास वेगळे. आठवड्याची विक्री तिप्पट होईपर्यंत मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातूनच धान्य घेणार आहे. पाउचही आता बोहरी आळीतून साधे, पन्नास-शंभर नगांत आणते आणि वर स्टिकर चिकटवते. नगामागे चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

दुसरी जागा यंत्र. घरगुती पिठाची गिरणी घ्यावी असं मलाही वाटलं होतं. २० हजारांची गिरणी किलोमागे १० रुपये वाचवते, त्यातले दोन विजेला धरले तर आठ उरतात. २० हजार वसूल व्हायला अडीच हजार किलो दळायला हवं. आठवड्याला दहा किलो दळते मी. २५० आठवडे, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं! कोपऱ्यावरच्या गिरणीवाले मामा मला दर आठवड्याला त्यांची गिरणी भाड्यानं देतात असंच मी आता समजते. याउलट वजनकाटा आणि पाउच सील करायचं हातयंत्र मिळून २,२०० रुपयांना आलं, आणि त्यांच्याशिवाय एकही पाकीट बाहेर जात नाही. ज्याच्यावाचून काम अडतं ते घ्या, ज्यानं काम फक्त सोपं होतं ते थांबू द्या.

तिसरी जागा उधारी, आणि ही सगळ्यांत वाईट. मी दोन दुकानांत मिळून ४० पाकिटं ठेवली होती. ‘ताई, ठेवून जा, विकली की पैसे देतो.’ बोलणं गोड होतं. ४० पाकिटांत माझे रोख २,२०० रुपये होते. एका दुकानदारानं दोन आठवड्यांत हिशेब चुकता केला. दुसऱ्याकडे मी तीन महिन्यांत सहा फेऱ्या मारल्या. माल केव्हाच विकला गेला होता. दर वेळी मालक नुकतेच बाहेर गेलेले. त्या तीन महिन्यांत त्याच्याकडे अडकलेले पैसे आठवड्याच्या आठवड्याला फिरले असते तर काय झालं असतं ते वरच्या हिशेबावरून तुम्हीच काढा.

चौथी जागा प्रदर्शनं. डिसेंबरात भीमथडी जत्रेसारखी मोठी गर्दी बघितली की आपलाही स्टॉल हवा असं वाटतं. स्टॉल घ्यायला हरकत नाही, पण आधी एक भागाकार करा. समजा तुमच्या भागातल्या एखाद्या छोट्या प्रदर्शनात दोन दिवसांचं भाडं ४,००० आहे. पाकिटामागे रोख खर्च जाऊन माझ्याकडे ५५ राहतात. ४,००० भागिले ५५, म्हणजे ७३ पाकिटं नुसती भाड्यासाठी. माझ्या जवळपास चार आठवड्यांची भाजणी. आणि ते दोन दिवस उभं राहण्याची मजुरी वेगळीच.

गिऱ्हाइकाच्या पैशानं धंदा

आता ऑर्डरींबद्दल. थोड्या भांडवलाच्या माणसाला पैसा मिळवण्याचा सर्वांत स्वस्त रस्ता म्हणजे आगाऊ रक्कम. गुरुवारपर्यंत ऑर्डर आणि निम्मे पैसे, शनिवारी भाजायचं, रविवारी पोचवायचं आणि उरलेले निम्मे घ्यायचे. १९ पाकिटांचे निम्मे पैसे १,०४५ होतात. खेपेचा रोख खर्च १,०४०. माझ्या खिशातून काही जातच नाही! हे गणित जुळलं त्या गुरुवारी मी वही दोनदा तपासली.

लोक आगाऊ देतात का? ओळखीचे देतात, सवय लागल्यावर बाकीचेही देतात. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर आपल्या पुण्यात आगाऊ दिली जातेच, तेव्हा कुणाला ते खटकत नाही. चकलीची भाजणी दिवाळीआधी, उपवासाची भाजणी श्रावणात, नवरात्रात आणि आषाढीला. या दिवसांत मागणी इतकी असते की आगाऊशिवाय घ्यायचंच नाही असं ठरवता येतं.

चव घ्यायला दिलेली पहिली वीस पाकिटं मात्र विक्री धरू नका. मावशी, नणंद, ऑफिसातल्या मैत्रिणी प्रेमानं घेतात. ज्या घरानं न विचारता दुसऱ्यांदा मागवलं ते तुमचं पहिलं गिऱ्हाईक. माझ्या पहिल्या वीस घरांतून दुसऱ्यांदा मागवणारी सात निघाली. त्या सातांनी पुढची घरं आणली. जाहिरातीवर मी आजवर एक रुपया घातलेला नाही, सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यातून एक निरोप, बस्स.

रोजच्या रोज हिशेब चुकता करण्याची ताकद बघायची तर लिज्जत पापडाकडे बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पैसे उसने देणारे छगनलाल पारेख हे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे, आणि ती संस्था गोखल्यांनी १९०५ मध्ये आपल्या पुण्यातच काढलेली. लाटणाऱ्या बहिणींना लाटण्याचे पैसे रोजच्या रोज देण्याची रीत लिज्जतनं धंदा प्रचंड वाढल्यावरही ठेवली.

खाण्याचं काही करायचं नसेल तर भांडवल आणखी कमी लागतं. फॉल-पिको, शिकवणी, टायपिंग, हिशेब लिहून देणं यात कच्चा माल नाही की पडून राहणारं काही नाही. तिथे वेळ हेच भांडवल, आणि अडकतो तोही वेळच: ‘पुढच्या महिन्यात देते गं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापाशी. हिशेब तोच लागू पडतो.

कागदपत्रं: थोडी, पण टाळू नका

याला लोक फार घाबरतात. घाबरण्याइतकं काही नाही. खाण्याचा पदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी पहिल्या पाकिटाआधी हवी. घरगुती पातळीवर पूर्ण परवाना लागत नाही, मूलभूत नोंदणी पुरते. ती ऑनलाइन होते आणि मी भरली तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. मिळालेला १४ आकडी क्रमांक लेबलवर टाकायचा. त्याच लेबलवर घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण.

शॉप ॲक्टबद्दल गैरसमज आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानंतर एक-दोन माणसांच्या व्यवसायाला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते आणि बँकेत चालू खातं उघडताना ती उपयोगी पडते. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत लागत नाही. एक खाच लक्षात ठेवा: करपात्र माल राज्याबाहेर विकायला लागलात तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. बंगळुरूच्या भाचीच्या मैत्रिणींना पाकिटं पाठवून पैसे घेण्याआधी हे बघा. नोकरी असेल तर जोडधंद्याची कमाई प्राप्तिकराच्या विवरणपत्रात व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. छोट्या व्यवसायाला वह्या ठेवण्याऐवजी डिजिटल जमेच्या ६ टक्के आणि रोख जमेच्या ८ टक्के उत्पन्न धरण्याची सोय आहे. आणि नेमणूकपत्र वाचा. शासकीय नोकरांना पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही, बऱ्याच कंपन्यांच्या पत्रांतही तसं कलम असतं.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, मात्र सविस्तर सांगते, कारण तिचा संबंध थेट पैसा फिरण्याशी आहे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’नं संपतो. तसंच दिसणारी आणि दीड-दोन हजार मागणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत, तिथे एक पैसा भरू नका.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे, माल तयार करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, आणि करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, पण भाजणी आपण तयार करतो, म्हणून आपल्याला आहे. तीन महिने फिरवणाऱ्या त्या दुकानदाराच्या वेळी माझी नोंदणी नव्हती आणि साधी बिलाची प्रतही माझ्याकडे नव्हती. आता दुकानात माल देताना छापील बिल देते, त्यावर उद्यम क्रमांक असतो, दुसऱ्या प्रतीवर सही घेते. तक्रार करायची वेळ अजून आली नाही. सही करताना माणूस तारीख वाचतो, बराचसा फरक तिथेच पडतो.

पैसे घ्यायला वेगळं बँक खातं ठेवा, तुमच्याच नावाचं दुसरं बचत खातं सुरुवातीला पुरेल. घरखर्च आणि धंदा एकाच खात्यात असले की महिन्याअखेरीस भाजणीच्या पैशांनी विजेचं बिल भरलेलं असतं आणि ‘धंद्यात काही राहत नाही’ असं वाटत राहतं.

कर्ज कधी

‘मुद्रा घे की’ असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. २०१५ पासून ही योजना आहे. तिच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. योजना चांगली आहे. पण हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जातो, पाकिटं विकली गेली असोत वा नसोत. ५० हजार, तीन वर्षं, १२ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण १,६६० येतो. माझ्या पाकिटामागे ३३ रुपये उरतात. म्हणजे महिन्याला ५० पाकिटं बँकेसाठी.

सध्या माझी महिन्याला ऐंशीच्या आसपास जातात. त्यातली पन्नास बँकेला देऊन उरलेल्या तिसांवर मला धंदा करायचा नाही. सलग तीन महिने दोनशे पाकिटं गेली, तीही आगाऊ ऑर्डरीची, तर भाजायला एक बाई लावीन आणि तेव्हा बँकेत जाईन. गेल्या गुरुवारी सत्तावीस ऑर्डरी आल्या होत्या. पहिल्यांदाच एका आठवड्यात दोन खेपा भाजल्या, आणि गिरणीवाल्या मामांनी दुसऱ्या डब्याला किलोमागे एक रुपया कमी लावला.